साप, भगत आणि मेंदूचा हिशेब

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भातलावणी सुरू झाली की साप चावण्याच्या बातम्याही सुरू होतात. दिवसभर पाय चिखलात, बांधावर गुडघाभर गवत, रात्री अंथरूण जमिनीवर आणि अंगणात अंधार. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या घाटापर्यंत विखुरलेल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली पाड्यांवर अशा वेळी पहिली धाव अजूनही पुष्कळदा भगताकडे असते. भगत मंत्र टाकतो, पाला वाटून देतो, उतारा काढतो, आणि बहुतेक वेळा माणूस बरा होतो. अंधश्रद्धेवर लिहिणारे सहसा हे शेवटचे वाक्य टाळतात. ते टाळले की ज्यांच्यासाठी लिहायचे तेच लोक ऐकेनासे होतात, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आपण नाकारत असतो. गावाने बरे झालेले लोक पाहिलेले आहेत, त्यात खोटे काही नाही. ते कशाने बरे झाले आणि त्याचे श्रेय भगताच्या नावावर कसे जमा झाले, हे मात्र तपासायला हवे. त्याचे अर्धे उत्तर सापांच्या जीवशास्त्रात आहे आणि अर्धे आपल्या मेंदूच्या रसायनात.

सापांचे आधी पाहू. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत; त्यांतल्या साधारण साठ विषारी. माणसांचे बहुसंख्य बळी घेणाऱ्या चारच : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. शेतात आणि घराच्या आसपास नेहमी दिसणारे धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी. त्यातला कवड्या अंगावरच्या पट्ट्यांमुळे थेट मण्यारीसारखा दिसतो आणि रात्रीच घरात शिरतो, त्यामुळे 'मण्यार चावली होती, भगताने वाचवले' अशी कथा जन्माला यायला फारसे काही लागत नाही. शिवाय विषारी सापही दर वेळी विष सोडतो असे नाही. दात लागतात, रक्त येते, पण विष उतरत नाही. डॉक्टर याला कोरडा दंश म्हणतात. आता समजा एका मोसमात शंभर जणांना साप चावला, त्यातले सत्तर साप बिनविषारी होते आणि उरलेल्या तीस दंशांपैकी दहा कोरडे निघाले. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. या शंभरांतले ऐंशी जण कोणताही उपाय न करता दुसऱ्या दिवशी हिंडू-फिरू लागतील. शंभरही भगताकडे गेले, तर त्याच्या खात्यावर ऐंशी यशे लागतील. ऐंशी टक्के यश पाहिलेला गाव त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही तर काय करेल?

खरी गोम पुढे आहे. एखादा उपाय लागू पडतो की नाही हे ठरवायला चार आकडे लागतात : उपाय केला आणि बरे झाले, उपाय केला आणि दगावले, उपाय केला नाही तरी बरे झाले, उपाय केला नाही आणि दगावले. माणसाच्या आठवणीत यातला पहिला आकडा ठसठशीत राहतो. दुसऱ्याला ताबडतोब कारण चिकटते : आणायला उशीर झाला, पथ्य मोडले, घरात सुतक होते, देवाचा कोप होता. तिसरा तर कुणी मोजतच नाही. साप चावूनही कुठेच न गेलेला आणि धडधाकट राहिलेला माणूस ही गोष्ट म्हणून सांगण्यासारखी नसते. चौथा भगताच्या बाजूची साक्ष म्हणून वापरला जातो. चार रकान्यांच्या वहीत एकच रकाना भरायचा आणि त्यावरून निष्कर्ष काढायचा, ही चूक शहापूरच्या पाड्यावर होते तशी मुंबईच्या शेअर बाजारातही होते. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे, त्या अर्थी तिचे मूळ शिक्षणाच्या अभावापेक्षा खोल असले पाहिजे.

ते मूळ शोधताना मेंदूतल्या डोपामिन या रसायनापाशी यावे लागते. डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन, असे वर्तमानपत्रांत नेहमी छापून येते. ते फारच अपुरे वर्णन आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे संकेत टिपले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात चेततात. रसाच्या आधी दर वेळी दिवा लागू लागला की काही दिवसांनी त्या दिवा लागताच चेततात आणि प्रत्यक्ष रस मिळताना शांत राहतात. दिवा लागला पण रस आलाच नाही, तर तो जेव्हा यायला हवा नेमक्या त्याच क्षणी त्या पेशींची हालचाल मंदावते. म्हणजे सुखापेक्षाही अपेक्षा आणि अनुभव यांच्यातला फरक डोपामिन मोजते. अपेक्षेपेक्षा चांगले घडले की 'याच्या आधी काय घडले होते ते लक्षात ठेव' असा शिक्का मेंदूत बसतो. आता मरणाच्या भीतीने गारठलेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. रात्रभर भगताच्या ओटीवर बसून पहाटे पोर उठून पाणी मागते. याहून मोठी अनपेक्षित चांगली घटना कोणती? तिच्या आधी घडलेली प्रत्येक गोष्ट, मंत्र, अंगारा, पाला, त्या शिक्क्याखाली येते. जे पोर मुळात धोक्यात नव्हतेच, त्याच्या बाबतीतही शिक्का तितकाच खोल बसतो, कारण मेंदू मोजतो ती भीती. रक्तातले विष त्याला मोजता येत नाही.

शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा इशारा आणि निकाल यांच्या मधल्या वेळात काही डोपामिन पेशींची हालचाल सर्वांत जास्त वाढत जाते. नक्की मिळणार किंवा नक्की मिळणार नाही असे असेल तर ती वाढ होत नाही. या निष्कर्षाचा अर्थ कसा लावायचा यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण कौल लावण्याच्या पद्धती आठवल्या की तो फार बोलका वाटतो. चिमूटभर तांदूळ उचलायचे, दाणे जोड्यांनी मोजायचे आणि सम आले की विषम यावरून होय-नाही ठरवायचे. शक्यता जवळजवळ निम्मी. जगभरच्या कौलांमध्ये, नाणेफेकीत आणि जुगारात हीच निम्मी शक्यता पुन्हा पुन्हा दिसते. मेंदूला सर्वाधिक खिळवून ठेवणारे प्रमाण माणसाने कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय शोधून काढले होते, असे मला वाटते.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. डोपामिन वाढले की माणूस अंधश्रद्ध होतो, असे सरळ समीकरण मांडणारे लेख खूप आढळतात आणि पुराव्याच्या नावाखाली झुरिकच्या एका प्रयोगाकडे बोट दाखवतात. त्या प्रयोगात पीटर ब्रुगर आणि सहकाऱ्यांनी चाळीस निरोगी पुरुष घेतले. वीस जणांचा अलौकिक गोष्टींवर विश्वास होता, वीस संशयवादी होते. पडद्यावर क्षणभर चेहरे आणि शब्द झळकवले, मध्येच अर्थहीन आकृत्या आणि अक्षरेही झळकवली. श्रद्धाळूंना नसलेल्या जागीही चेहरे आणि शब्द दिसत. संशयवादी उलट असलेलेही सोडून देत. मग निम्म्या लोकांना लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत डोपामिन वाढवणारे पार्किन्सनचे औषध दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल लोकप्रिय समजुतीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. औषधाने संशयवाद्यांची खरे-खोटे वेगळे करण्याची क्षमता घटली आणि ते 'दिसले' असे म्हणायला थोडे सैल झाले. श्रद्धाळू मात्र, संशोधकांनाही अनपेक्षित असे, थोडे अधिक सावध झाले. डोपामिन हे श्रद्धेचे बटण नाही, एवढे यातून नक्की कळते. ते खूण आणि खुणेचा आभास यांतला उंबरठा वर-खाली करते, आणि कुणाचा उंबरठा आधीच कुठे आहे यावर परिणाम ठरतो. हा उंबरठा आजारात फारच ढळला तर काय होते, हे क्लाउस कॉनराड या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ मध्ये वर्णन केले. स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीला रुग्णाला रस्त्यावरची गाडी, शेजाऱ्याचे खाकरणे, सगळेच आपल्याला उद्देशून आहे असे वाटू लागते. आपण सगळे त्याच पट्टीवर कुठे ना कुठे उभे आहोत. कोणी पलीकडच्या टोकाला, बाकीचे मधल्या पट्ट्यात.

नमुना शोधण्याची ही खोड भगताच्या ओटीवर थांबली असती तर तिची इतकी चिंता करावी लागली नसती. ती सर्वांत घातक ठरते ती योगायोगाने एकत्र आलेल्या घटनांमध्ये. एकाच पाड्यात एका पावसाळ्यात दोन पोरे तापाने गेली, एक बैल मेला आणि दिवस गेलेल्या एका बाईचा गर्भ पडला, की 'हे आपोआप कसे होईल?' असा प्रश्न उठतो. उत्तर असे की आपोआपच असे होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बाँबचे उदाहरण संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहे. काही वस्त्यांवर बाँब पुन्हा पुन्हा पडत होते आणि काही कोरड्या राहत होत्या, तेव्हा जर्मन नेम धरून मारतात आणि वाचलेल्या वस्त्यांत त्यांचे हेर राहतात, असे लोक बोलत. आर. डी. क्लार्क या विमातज्ज्ञाने दक्षिण लंडनच्या नकाशाचे ५७६ सारखे चौकोन केले आणि त्यांत पडलेले ५३७ बाँब मोजले. २२९ चौकोनांत एकही बाँब नव्हता आणि काहींत चार-चार होते. डोळे मिटून बाँब टाकले असते तर जी वाटणी अपेक्षित, तिच्याशी हे आकडे जवळजवळ तंतोतंत जुळले. निव्वळ योगायोग कधीच सारखा पसरत नाही, त्यात झुबके येतातच. लंडनकरांना झुबक्यांत नेम दिसला आणि मोकळ्या जागांत हेर. आपल्या पाड्यांवर झुबक्यात करणी करणारी भुताळी दिसते, आणि ती बहुतेकदा एकटी राहणारी, म्हातारी किंवा जमिनीच्या वादात अडकलेली व्यक्ती असते. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या वृद्धाला करणी करतो या संशयावरून निखाऱ्यांवर नाचायला लावले गेले आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. त्या वृद्धाच्या पायांना बसलेले चटके ही एका चुकलेल्या अनुमानाची किंमत होती.

लोक अडाणी आहेत म्हणून हे होते, असे उत्तर शहरात तयारच असते. ते मला मान्य नाही. १९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेल्या मटका-जुगाराचे तक्ते पाहा. शून्य ते नऊ यांतला कोणताही आकडा येण्याची शक्यता दर खेपेला सारखीच, तरी ओपन, क्लोज, जोडी आणि पाना या त्यातल्या प्रकारांच्या जुन्या नोंदी मांडून त्यांत रेषा शोधणारे, 'आठ बरेच दिवस आला नाही, आता येणारच' म्हणणारे लोक चांगले शिकलेलेही असतात. २००८ मध्ये जेनिफर व्हिटसन आणि अॅडम गॅलिन्स्की यांनी दाखवले की, परिस्थिती आपल्या हातात नाही अशी भावना माणसात जागवली की त्याला निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळातही आकृत्या दिसू लागतात. मलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने तर शंभर वर्षांपूर्वीच नोंदवले होते की ट्रोब्रियंड बेटांवरचे कोळी शांत खाजणात मासे धरताना कसलाही विधी करत नाहीत. खोल समुद्रात जाताना मात्र मंत्रतंत्राशिवाय होडी लोटत नाहीत. या दृष्टीने शहापूरकडे पाहावे. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि धरणांच्या भोवतीचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाऊस हातात नाही, पाणी हातात नाही, भाताचा भाव हातात नाही, पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा जागी राहणाऱ्या माणसाचा मेंदू खुणा शोधण्यासाठी जास्त ताणलेला असेल, तर त्यात त्याच्या बुद्धीचा काय दोष?

नमुने शोधणे हीच चूक आहे असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल, आणि त्याचा पुरावा शहापूर तालुक्यातच आहे. १९८३ मध्ये भातसा जलाशयाच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. सप्टेंबरमधला सर्वांत मोठा धक्का रिश्टर मापनावर पाचच्या जवळ होता. धरणात पाणी भरले म्हणून जमीन हलते, ही कल्पना कुणाला भाबडी वाटली असती. परंतु १९६७ च्या कोयना भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी पाण्याच्या पातळीच्या आणि धक्क्यांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या, आणि मोठ्या जलाशयांच्या दाबामुळे व जमिनीत झिरपणाऱ्या पाण्यामुळे धक्के बसू शकतात हे जगभर मान्य झाले होते. भातशाची गणना आज अशाच जलाशयांत होते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे कामही याच जातीचे. १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेले रुग्ण दगावताना पाहून ते रुग्णांच्या उशाशी बसले, घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब, फुफ्फुसात साचणारे पाणी यांची तासातासाला नोंद केली, आणि विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो हा नमुना त्यांना सापडला. प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी वापरून पाहिले, वाचलेले आणि दगावलेले दोन्ही मोजले, आणि निष्कर्ष 'द लॅन्सेट'मध्ये छापले. भगताच्या आणि डॉ. बावस्करांच्या मेंदूतले डोपामिन एकच. फरक आहे तो दुसऱ्या रकान्याचा : डॉक्टरांनी दगावलेल्यांची नोंद ठेवली, भगताकडे तशी रीतच नव्हती.

भगताच्या बाजूने आणखी एक म्हणणे मांडले जाते आणि ते मी हलके मानत नाही. भगत रात्री दोन वाजता भेटतो, आपल्या बोलीत बोलतो, पैसे मागताना माणूस पाहतो आणि घाबरलेल्याच्या डोक्यावर हात ठेवतो. दवाखाना लांब असतो, रस्ता वाहून गेलेला असतो, आणि पोचल्यावर कोणी कसे बोलेल याची खात्री नसते. हे सगळे खरे आहे. पण मण्यारीचे विष या दिलाशासाठी थांबत नाही. ते नसेचा संदेश स्नायूला पोचवणारी टोकेच निकामी करते. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. दंशाच्या जागी दुखत नसल्याने झोपेत चावले तर कळतही नाही, नुसते पोट दुखते. टोके एकदा निकामी झाली की प्रतिविष ती दुरुस्त करू शकत नाही. ते रक्तात मोकळे फिरणारे विषच बांधते, म्हणून प्रत्येक तास मोलाचा. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते, आणि ते ओळखायची परीक्षा इतकी साधी आहे की ती गावापुढे करून दाखवता येईल : थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. गोठले नसेल तर रक्तात विष आहे. मोजलेल्या दाण्यांपेक्षा ही नळी अधिक विश्वासार्ह, कारण ती 'नाही' म्हणते तेव्हा त्या 'नाही'लाही अर्थ असतो.

पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणूत संशोधकांनी आदिवासी लोकांशी आणि भगतांशी सर्पदंशाबद्दल बोलून २०२१ मध्ये जे मांडले, त्यातून दिसले की लोकांना साप ओळखता येतात, पण चिंचोका किंवा लोहचुंबक विष ओढून घेतो, असे समज घट्ट आहेत. माझ्या मते ज्ञान आणि गैरसमज यांचे हे मिश्रण आशादायक आहे. मेळघाटात भूमकांनी, म्हणजे तिथल्या भगतांनी, रुग्ण दवाखान्यात पाठवावा म्हणून त्यांना मानधन देण्याचा प्रयोग झाला; इथल्या भगतांनाही तसे बरोबर घेता येईल. भगताने हवे तर मंत्र म्हणावा, मात्र गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर. रुग्णाला अडवून ठेवण्याची मुभा कुणालाच नाही. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा अंदाज आहे. त्याआधीच्या एका देशव्यापी पाहणीत सर्पदंशाचे तीन-चतुर्थांशाहून अधिक मृत्यू दवाखान्याबाहेर झाल्याचे आढळले होते. म्हणजे ते दवाखान्याच्या वहीत आले नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाची प्रत्येक घटना आणि मृत्यू कळवणे बंधनकारक करा, असे राज्यांना लिहिले. शहापूर आणि मुरबाडच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने त्यासाठी वरून आदेशाची वाट पाहू नये. आशाताईंच्या मदतीने एक वही सुरू करावी : कुणाला चावला, किती वाजता, आधी कुठे नेले, दवाखान्यात किती वाजता पोचले, पुढे काय झाले. बरे झालेले लिहावेत, गेलेलेही लिहावेत, आणि कुठेच न जाता बरे झालेले तर आठवणीने लिहावेत. दोन-तीन पावसाळ्यांनंतर ती वही ग्रामसभेत भगतासमोर मोठ्याने वाचावी. तोवर ज्यांना साप चावेल त्यांनी दंशाची जागा कापू नये, करकचून बांधू नये, तो हात किंवा पाय शक्य तितका हलवू नये, १०८ ला फोन करावा आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.